घरची वाट आणि शेपटीवाला सोबती

वाहनात कुत्र्याला मज्जाव करणारा पहिला अधिकारी कोण, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर तयार आहे : देवराज इंद्र! महाप्रस्थानाला निघालेले पांडव आणि द्रौपदी वाटेत एकेक करून पडले. उरला एकटा युधिष्ठिर, आणि त्याच्या मागून मुकाट्याने चालत आलेले एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन आला, ‘चल, बैस’ म्हणाला; पण कुत्र्याला रथात जागा नाही, असेही म्हणाला. धर्मराज म्हणाला, मग मलाही नको. पुढची कथा आपल्याला ठाऊकच आहे. ते कुत्रे म्हणजे साक्षात यमधर्म निघाला आणि रथाचा प्रश्न मिटला.

ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांना ही कथा पुराणातली वाटत नाही. मे महिन्याची सुट्टी लागते, गावाकडे जायचे ठरते, मुले बॅगा भरू लागतात. आणि दाराशी शेपटी हलवीत उभ्या असलेल्या त्या प्राण्याकडे पाहून घरची मंडळी एकमेकांची तोंडे पाहू लागतात. आता याचे काय करायचे? आगगाडीने न्यायचे तर पहिल्या वर्गाची कुपे आरक्षित करा, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घाला. शेजाऱ्यांकडे ठेवायचे तर तो दोन दिवस अन्नाला तोंड लावायचा नाही. शेवटी कुणीतरी म्हणते, आपण मोटारीनेच जाऊ या, त्यालाही घेऊ.

असे म्हणून निघालेल्या दोन माणसांची हकीकत आज सांगावयाची आहे. दोघेही अमेरिकन. एक निघाला १९०३ साली, दुसरा १९६० साली. दोघांनाही अवघा खंड ओलांडून घर गाठायचे होते, आणि दोघांच्याही शेजारच्या आसनावर एकेक कुत्रा बसला होता. एकाला घर सापडले. दुसऱ्याला ते सापडले की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

पन्नास डॉलरची पैज

१९०३ चा मे महिना. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी क्लबमध्ये गप्पांचा फड रंगला होता. विषय होता मोटारगाडी. श्रीमंतांचे हे खूळ चार दिवसांत ओसरेल, लांबच्या प्रवासाला घोड्याशिवाय तरणोपाय नाही, असे बहुतेकांचे मत पडले. त्यांत ३१ वर्षांचे एक डॉक्टर होते, होरेशियो नेल्सन जॅक्सन. त्यांनी पन्नास डॉलरची पैज मारली की, मोटारीने खंड ओलांडून मी न्यूयॉर्क गाठून दाखवीन.

गंमत अशी की, जॅक्सनसाहेबांची स्वतःची मोटार तिथे नव्हती, आणि हाकण्याचा सरावही बेताचाच होता. त्यांचे घर देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी. तिकडे परत जायचेच होते. मग या निमित्ताने जाऊ, असा त्यांचा हिशेब. पत्नी बर्थाबाईंनी मोडता घातला नाही. त्या शहाणपणाने आगगाडीने पूर्वेकडे गेल्या.

चार दिवसांत तयारी झाली. सेवॉल क्रॉकर नावाचा बाविशीतला एक मेकॅनिक सोबतीला घेतला. त्याच्या सल्ल्याने २० अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची, थोडी वापरलेली विंटन गाडी ३,००० डॉलरना खरेदी केली. तिला ना छप्पर, ना पुढे काच. डॉक्टरांनी तिचे नाव ठेवले ‘व्हरमाँट’. म्हणजे घराचेच नाव! मागचे आसन काढून टाकून तिथे पथारी, रबरी चादरी, पाण्याच्या पिशव्या, कुऱ्हाड, फावडे, हत्यारे, बंदुका, कॅमेरा आणि एक मोठी कप्पी व दोरखंड भरला. रात्र जिथे पडेल तिथे मुक्काम करायचा. आज ज्याला ‘कॅम्पर’ म्हणतात, त्या फिरत्या घराचा हा आजोबाच म्हणायला हरकत नाही.

त्या काळी सबंध अमेरिकेत फरसबंद रस्ता दीडशे मैलसुद्धा नव्हता, आणि होता तो शहरांतून. बाकी सगळा कारभार बैलगाडीच्या चाकोरीचा. २३ मे रोजी स्वारी निघाली. जेमतेम पंधरा मैल गेली नाही तोच मागचा टायर फुटला. गाडीचा खडखडाट इतका की, स्वयंपाकाची भांडी एकामागून एक रस्त्यावर पडत गेली तरी दोघांना पत्ता नाही! नाले आडवे आले की पलीकडच्या झाडाला कप्पी बांधायची आणि गाडी ओढून काढायची. टायर संपले तेव्हा चाकांना दोर गुंडाळून गाडी चालवली. सुटे भाग हवे असले की क्लीव्हलँडच्या कारखान्याला तार करायची. मग ते भाग आगगाडीने येत! मोटारीचे भवितव्य सिद्ध करायला निघालेली मोटार अशी आगगाडीच्या तोंडाकडे पाहत दिवस काढीत होती.

एका ठिकाणी त्यांनी एका बाईला रस्ता विचारला. तिने ठामपणे एक वाट दाखवली. त्या वाटेने मैलोगणती गेल्यावर रस्ताच संपला, आणि एक कुटुंब आ वासून गाडीकडे पाहत उभे असलेले दिसले. बाईच्या घरच्यांनी जन्मात मोटार पाहिली नव्हती; ती त्यांना दिसावी म्हणून तिने या दोघांना तिकडे पिटाळले होते! या पाहुणचारापायी त्यांना १०८ मैलांचा हेलपाटा पडला.

बडसाहेबांचा चष्मा

आयडाहो राज्यात कॉल्डवेल गावी या प्रवासाला तिसरा भिडू मिळाला. जाड जबड्याचा, बुलडॉगच्या वळणाचा एक कुत्रा. डॉक्टरांना वाटेत एखादा कुत्रा सोबत घ्यायचाच होता. एका माणसाला १५ डॉलर मोजून त्यांनी तो घेतला. नाव ‘बड’, म्हणजे दोस्त. वर्तमानपत्रांनी मात्र आपापल्या परीने मीठमसाला लावला. कुणी लिहिले तो रस्त्यावर सापडला, कुणी लिहिले चोरून आणला.

बड पुढच्या आसनावर बसू लागला. पण छप्पर नाही, काच नाही, आणि त्या माळरानाची खारट धूळ डोळ्यांत जाऊन डोळे लाल होऊ लागले. डॉक्टर झाले तरी माणूसच. त्यांनी बडलाही आपल्यासारखा मोटारीचा धुळीचा चष्मा चढवला. आणि पठ्ठ्याने तो मुकाट्याने चढवून घेतला! मग बड रस्त्याकडे डोळे लावून बसे. पुढे खड्डा दिसला की अंग आवळून धरी, आणि गचका गेला की सैल सोडी. एकदा माळावरचे खारे पाणी पिऊन तो चांगलाच आजारी पडला, पण वाचला. सबंध प्रवासात ज्याच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही असा आमच्या तिघांत एकटा बडच होता, असे डॉक्टर पुढे सांगत.

पुढे वायोमिंगचा प्रांत. तिथे दोघांना छत्तीस तास अन्न मिळाले नाही. शेवटी एक एकटा मेंढपाळ भेटला. त्याने भाजलेले मटण आणि उकडलेला मका खाऊ घातला. पैशांचा कोट वाटेत कुठेतरी पडून गेला होता. बर्थाबाईंना तार करून पैसे मागवावे लागले. चाकाचे बेअरिंग गेले तेव्हा क्रॉकरने एका शेतकऱ्याला गळ घालून त्याच्या गवत कापण्याच्या यंत्राचे बेअरिंग मिळवले. एव्हाना दोन मोटार कंपन्यांनीही आपापल्या गाड्या मागून रवाना केल्या होत्या. हौशी डॉक्टराला मागे टाकायचे होते. तरी स्वारी थांबली नाही.

आणि आता लोकांचे लक्ष गाडीवरून हलून चष्मेवाल्या कुत्र्याकडे गेले. गावोगाव गर्दी जमे, छायाचित्रकार धावत येत. मोटार म्हणजे काय हे ज्यांना कळत नव्हते, त्यांनाही कुत्रा कळत होता.

२६ जुलै १९०३ च्या पहाटे साडेचारच्या सुमारास चिखलाने माखलेली ‘व्हरमाँट’ न्यूयॉर्कमध्ये शिरली. ६३ दिवस १२ तास ३० मिनिटे लागली होती. खंड ओलांडणारी ती पहिली मोटार. खर्च सुमारे ८,००० डॉलर, पेट्रोल ८०० गॅलन. पैजेचे पन्नास डॉलर डॉक्टर मागायलाही गेले नाहीत.

पण न्यूयॉर्क म्हणजे घर नव्हे. बर्थाबाई येऊन मिळाल्या आणि गाडी पुन्हा उत्तरेकडे निघाली. घर पंधराएक मैलांवर राहिले आणि घोडे पेंड खाऊ लागले. दोघे भाऊ आपापल्या मोटारी घेऊन मदतीला धावले, तर त्यांच्याच मोटारी बंद पडल्या. शेवटी खंड ओलांडून आलेल्या ‘व्हरमाँट’नेच त्यांना ओढत घरी आणले. आणि आपल्या गोठ्याच्या उंबरठ्यावर येताच तिची साखळी तुटली. वाटेत जे थोडे भाग बदलावे लागले नव्हते त्यांतलाच हा एक. जणू तिनेही तेवढ्यासाठीच दम धरला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्लिंग्टनच्या रस्त्यावर ताशी सहा मैलांहून अधिक वेगाने गाडी हाकल्याबद्दल डॉक्टरांना दंड झाला. कायद्याला पराक्रमाचे कौतुक नसते! बड त्यांच्याच घरी म्हातारा झाला. १९४४ साली डॉक्टरांनी ती गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला देऊन टाकली, आणि तिच्याबरोबर बडचा चष्माही दिला.

लेखकाचे फिरते घर

आता दुसरी हकीकत. सत्तावन्न वर्षे गेली. अमेरिकेत रस्त्यांचे जाळे विणले गेले. प्रसिद्ध कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांचे वय आता ५८. आदल्या हिवाळ्यात मोठे आजारपण येऊन गेलेले. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितले होते. पण जन्मभर ज्या देशाविषयी लिहिले, तो पाहून पंचवीस वर्षे झाली, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. वडिलांना आपला शेवट जवळ आल्यासारखे वाटत होते, आणि देशाचा निरोप घ्यायलाच ते निघाले होते, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले.

त्यांनी एक मालट्रकसारखी गाडी घेतली आणि तिच्यावर मागे छोटेसे घर बसवून घेतले. आत बिछाना, शेगडी, शीतपेटी, दिवे. डॉन क्विक्झोटच्या मरतुकड्या घोड्याचे नाव तिला दिले, ‘रोसिनांते’. स्टाइनबेकना स्वतःच्या वेडेपणाची जाणीव होती, हे या नावावरूनच कळते. कपडे धुण्याची त्यांची युक्ती आमच्या गृहिणी-वाचकांना आवडेल : झाकणाच्या बादलीत कपडे, साबण आणि पाणी घालून ती गाडीत ताणदार दोरीने टांगायची. दिवसभर रस्त्याचे गचके बसतात, संध्याकाळी कपडे धुतलेले!

सोबतीला चार्ली. फ्रेंच पूडल, पॅरिसजवळ जन्मलेला, वय दहा वर्षे, म्हणजे कुत्र्यांच्या मानाने पेन्शनरच. फ्रेंच हुकूम चटकन समजे, इंग्रजीला जरा वेळ लागे. स्टाइनबेक त्याला आपला राजदूत म्हणत. कुठे अनोळखी लोकांचा तळ दिसला की ते चार्लीला सोडून देत. तो वास घेत तिकडे जाई, मग हे ‘माफ करा हं, आमच्या कुत्र्याने त्रास दिला’ म्हणत मागोमाग जात, आणि गप्पांना तोंड फुटे. कुत्रा फिरवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. इमारतीतल्या ज्या शेजाऱ्याशी दहा वर्षांत बोलणे झाले नाही, तो कुत्र्याशी आधी बोलतो आणि मग आपल्याशी.

२३ सप्टेंबर १९६० रोजी पत्नी एलेनचा निरोप घेऊन ते निघाले. नायगाऱ्यापाशी त्यांना इंद्राचा नवा अवतार भेटला. कॅनडातून जवळची वाट होती. सीमेवरचा कॅनडाचा अधिकारी सज्जन होता. तो म्हणाला, खुशाल या, पण कुत्र्याला पिसाळरोगाची लस टोचल्याचा दाखला नसेल, तर परतताना तुमचेच लोक त्याला आत घेणार नाहीत. स्टाइनबेकनी गाडी वळवली. तर आता स्वदेशाचा अधिकारी परदेशातून आल्याबद्दल जाबजबाब घेऊ लागला! मी गेलोच नव्हतो, हे पटवताना त्यांच्या नाकी नऊ आले.

यलोस्टोन अरण्यात आणखी एक गंमत झाली. चार्ली म्हणजे गरीब गाय. पण अस्वल दिसताच त्याच्या अंगात असे काही संचारले की तो काचेवर धडका देऊ लागला. शेवटी जंगल अर्धवट टाकून परतावे लागले.

जिथे घर होते

पुढे चार्लीला लघवी अडण्याचा विकार जडला. रात्री तो कण्हू लागला. मुक्या प्राण्याला दुखते कुठे, ते सांगता येत नाही, आणि आपल्याला दिसते ते फक्त त्याचे डोळे. एका गावचा जनावरांचा डॉक्टर बेफिकीर भेटला. पुढे टेक्ससमध्ये मात्र एक तरुण डॉक्टर भेटला. त्याच्या हाताचा स्पर्श होताच चार्ली शांत झाला. चार दिवस त्याने ठेवून घेतले आणि चार्ली बरा झाला.

मधल्या काळात स्टाइनबेक आपल्या गावी पोचले होते. कॅलिफोर्नियातले सॅलिनास आणि जवळचे मॉन्टेरे. जिथे वाढले, जिथल्या माणसांवर पुस्तके लिहिली, तेच हे घर. जुन्या गुत्त्यात जुना मित्र भेटला, गळ्यात पडला, म्हणाला, आता इथेच राहा. स्टाइनबेक मेलेल्या मित्रांची नावे मोजू लागले. जे गाव त्यांच्या मनात होते ते आता तिथे नव्हते; आणि गावाच्या मनात जो स्टाइनबेक होता, तो हा पांढऱ्या दाढीचा गृहस्थ नव्हता. मग ते चार्लीला घेऊन फ्रीमाँट शिखरावर चढले. लहानपणी इथेच आपल्याला पुरावे, असे त्यांना वाटे. खाली सगळे खोरे दिसत होते. इथे मी मासे पकडले, तिथे माझ्या आईने रानमांजर मारले, असे ते चार्लीला सांगत बसले. दुसरे कुणी ऐकणारे नव्हते.

पुण्या-मुंबईत राहून वर्षातून एकदा कोकणातल्या किंवा देशावरच्या घरी जाणाऱ्यांना हे दुःख निराळे समजावून सांगायला नको. घर असते, कुलूप निघते, अंगणही असते. पण हाक मारणारे कुणी नसते.

परतीच्या वाटेवर न्यू ऑर्लिन्स लागले. तिथे गोऱ्यांच्या शाळेत सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही काळी मुलगी नोव्हेंबर १९६० पासून सरकारी अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात जाऊ लागली होती, आणि रोज सकाळी काही बाया रस्त्यावर जमून त्या पोरीला शिव्या देत. स्टाइनबेकनी ते डोळ्यांनी पाहिले. त्याच शहरात गाडीत बसलेल्या काळसर चार्लीला पाहून, आपल्याला वाटले शेजारी काळा माणूसच बसवलाय, असा विनोद लोकांनी केला. कुत्रा निघाला म्हणून त्यांना हायसे वाटले! स्टाइनबेकना त्यानंतर काही पाहण्याची इच्छाच उरली नाही. त्यांनी घराकडे धूम ठोकली. आणि न्यूयॉर्कमध्ये, आपल्या राहत्या शहरात, रस्ता चुकले. पोलिसाला सांगावे लागले की, मी हरवलो आहे.

१९६२ साली ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक निघाले. त्याच वर्षी स्टाइनबेकना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, पुढे अभ्यासकांनी तपास केला, तेव्हा बऱ्याच रात्री लेखकमहाशय फिरत्या घरात नव्हे तर हॉटेलांत झोपले होते आणि वाटेत कित्येक दिवस पत्नी सोबत होती, असे आढळले. काही संवादही लेखणीतूनच उतरलेले असावेत. कादंबरीकाराच्या प्रवासवर्णनाला एवढी सूट द्यावी लागते. पण आजारी चार्लीची काळजी लेखणीने रचलेली वाटत नाही.

निघण्यापूर्वी दोन शब्द

येत्या सुट्टीत कुणी कुत्र्यासह मोटारीने गावी जाणार असेल, तर या दोन हकीकतींतून घेण्यासारखे थोडे आहे. पिसाळरोगाच्या लसीचा दाखला बरोबर असू द्या. पाणी घरचे न्या. बडचे दुखणे आठवा. निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका, आणि दर दोन-तीन तासांनी गळ्यात पट्टा-साखळी घालूनच खाली उतरवा. घाबरलेले कुत्रे अनोळखी रस्त्यावर हाकेलाही ओळखत नाही. आणि एक गोष्ट मात्र कधीच करू नका : ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून बंद गाडीत त्याला उन्हात ठेवू नका. माणसाला घाम येतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग निववतो, आणि भोवतालची हवाच तापली की तो उपाय चालत नाही. बाहेर ३० अंश उष्मा असला तरी दहा मिनिटांत गाडीच्या आत ४० च्या आसपास जातो. चहा गाडीपाशी मागवा. पोऱ्या आणून देईल.

चार्ली १९६३ साली गेला. २० डिसेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्टाइनबेक वारले. त्यांच्या अस्थी एलेनबाईंनी खंड ओलांडून सॅलिनासला नेल्या, आणि त्यांच्या घरच्या माणसांशेजारी पुरल्या. ‘रोसिनांते’ही आता त्याच गावी त्यांच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे. तेव्हा अखेरीस तेही घरी पोचले, असेच म्हणावे लागेल.

दिवाळीचा फराळ करताना दाराशी बसलेल्या तुमच्या सोबत्याकडे एकदा पाहा. फटाक्यांनी बिचारा भेदरलेला असेल. त्याला आत घ्या. घर कुठे आहे, याचा त्याला कधीच प्रश्न पडत नाही. तुम्ही जिथे असाल तेच त्याचे घर.